सत्कार नको, वर्गणी द्या!

चळवळीतल्या एखाद्या पोराला वेबसाइट किंवा मोबाइलचे ॲप बनवता येते, असे एकदा कळले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली म्हणजे जयंतीच्या व्यासपीठावर बोलावून शाल आणि पुष्पगुच्छ देऊन त्याचा सत्कार होतो. दुसरी गोष्ट तो व्यासपीठावरून खाली उतरल्यावर घडते. एखादे पदाधिकारी त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, "बाळा, आपल्या संघटनेची पण एक वेबसाइट करून दे. समाजाचं काम आहे." पैशाचा विषय निघत नाही. पोराने चाचरत काढलाच, तर "तू पण असं बोलायला लागलास का?" हे ऐकून घ्यावे लागते. त्याच कार्यक्रमाच्या मंडपवाल्याचे, साउंडवाल्याचे आणि बॅनर छापणाऱ्याचे पैसे मात्र रोख चुकते झालेले असतात, त्यातले अर्धे तर आगाऊ!

अत्याचाराचे, आरक्षणाचे, संविधानाचे प्रश्न पुढे असताना अग्रलेखात ॲप आणि वेबसाइटचे काय घेऊन बसलात, असे आमचे काही जुने वाचक म्हणतील. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. तरीही हा आपल्या पुढच्या पिढीच्या पोटाचा आणि स्वाभिमानाचा प्रश्न आहे असे आम्हाला वाटते, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्याच खिशात आहे, असेही वाटते.

आपल्या दोन पिढ्या सरकारी नोकरीने उभ्या केल्या. रेल्वे, पोस्ट, बँका, एलआयसी, महापालिका, जिल्हा परिषदेच्या शाळा. बापाला शिपायाची नोकरी लागली म्हणून लेक इंजिनिअर झाली, अशी घरे प्रत्येक वस्तीत सापडतील. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर हा दरवाजा हळूहळू लोटला जात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला होता. तरुणांचा संताप पाहून ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, पण कंत्राटी पद्धत काही गेली नाही. कंत्राटात आरक्षण कुठे आणि पेन्शन कुठे!

खासगी क्षेत्रात जा म्हणावे, तर तिथल्या गुणवत्तेचे गोडवेही आम्ही ऐकून आहोत. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावात. दलित वाटणाऱ्या नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच भरली. सातासमुद्रापलीकडे गेले तरी जात सामानात येते. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाच्या आरोपाचा दावा दाखल केला. दोन व्यवस्थापकांवरील दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू राहिला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. संगणकाच्या राजधानीत असा कायदा करावा लागतो, यात काय ते आले.

म्हणूनच आमच्या वस्त्यांतली काही पोरे-पोरी तिसऱ्या वाटेने निघाली आहेत. कोणाच्या कंपनीत न जाता स्वतःच एखादे ॲप लिहायचे, स्वतः विकायचे आणि स्वतः सांभाळायचे. स्वतंत्र डेव्हलपर म्हणतात तो हा. 'स्टार्टअप' म्हटले की काचेची इमारत आणि कोटींची गुंतवणूक डोळ्यापुढे येते. इथे तसे काही नाही. एक लॅपटॉप, बहुधा हप्त्यावरचा, आणि घरातले सगळे झोपल्यावर मोकळी होणारी स्वयंपाकघरातली जागा.

आमच्या माहितीतला एक तरुण आहे. शाळेत असताना तो पहाटे पेपरची लाइन टाकायचा. महिनाअखेरीस पैसे मागायला गेला की दर चौथ्या घरी वाद. "आम्ही आठ दिवस गावाला होतो, त्या दिवसांचे कसले पैसे?" वहीत खाडाखोड, मालकाची शिवी, आणि तूट पोराच्या पगारातून. पुढे तो इंजिनिअरिंगला गेला, एका कंपनीत लागला, दोन वर्षांत बाहेर पडला. बाहेर पडल्यावर त्याने पेपर आणि दूध टाकणाऱ्यांच्या हिशेबाचे ॲप बनवले. कोणत्या घरी कोणता पेपर, कोणत्या दिवशी खाडा, महिन्याचे बिल किती, सगळे मोबाइलवर. पहिल्या ग्राहकाला त्याने ते पहाटे चार वाजता, गठ्ठे सुटतात त्या फुटपाथवर बसून शिकवले. आज साठ विक्रेते त्याला महिन्याला दीडशे रुपये देतात. म्हणजे नऊ हजार. घर चालत नाही, पण सर्व्हर चालतो आणि आशा चालते. दोनशे विक्रेते झाले तर तीस हजार होतील आणि मग घरही चालेल.

हा हिशेब आम्ही मुद्दाम देत आहोत, कारण या क्षेत्रातले भाषणबाज वेगळेच हिशेब सांगत फिरतात. कॅनडातल्या मार्कस फ्रिंडने २००३ मध्ये 'प्लेंटी ऑफ फिश' ही जोडीदार शोधण्याची वेबसाइट एकट्याने सुरू केली, कित्येक वर्षे जवळपास एकट्याने चालवली आणि २०१५ मध्ये ५७ कोटी ५० लाख डॉलरला विकली. गोष्ट खरी आहे. पण लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहून कोणी लॉटरीला धंदा म्हणत नाही. आम्हाला आपल्या पोरांचे दोनशे ग्राहक हवे आहेत.

या धंद्याला भांडवल लागत नाही, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. हत्यारे फुकट आहेत, हे मान्य. लिनक्स १९९१ मध्ये आले, पीएचपी आणि मायएसक्यूएल १९९५ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये. कोणीही घ्यावे, वाचावे, बदलावे. कोणाची जात न विचारता पाणी देणारे तळेच म्हणा. लहान सर्व्हरला महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास पडतात. गूगलच्या दुकानात ॲप ठेवायचे तर नोंदणीला एकदाच पंचवीस डॉलर, ॲपलला मात्र दरवर्षी नव्याण्णव. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाकडूनही दीडशे रुपये मागवता येतात. उद्यम नोंदणी सरकार फुकट करते. ती करून देण्याचे पैसे कोणी मागितले, तर देऊ नका.

पण हत्यार फुकट असले तरी वेळ फुकट नसतो. ॲप लिहायला सहा महिने, पहिले गिऱ्हाईक मिळायला आणखी तीन. हे नऊ महिने घरात तांदूळ कोठून येणार? सदाशिव पेठेतल्या पोराला वडिलांचा फ्लॅट असतो, मामाची कंपनी असते. पहिले दहा ग्राहक आत्याच्या, काकांच्या ओळखीत निघतात. आमच्या पोराने नोकरी सोडली की धाकट्याची फी थांबते, शिक्षणकर्जाचा हप्ता थकतो आणि आई रात्री हळूच विचारते, "पुन्हा कधी लागणार रे कामाला?" पोरीची गत याहून कठीण. ती घरी बसून काम करते, म्हणजे ती मोकळीच आहे, असे सगळे धरून चालतात. पाणी भरा, पाहुण्यांना चहा करा, आणि स्थळ आले की लॅपटॉप मिटा.

सरकारी योजनांबद्दल दोन शब्द. 'स्टँड अप इंडिया' एप्रिल २०१६ मध्ये आली आणि मार्च २०२५ मध्ये तिची मुदत संपली. तिच्यात अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज होते. कारखाना काढणाऱ्याला ते ठीक. एकट्या डेव्हलपरला दहा लाखांचे कर्ज नको असते. त्याला आठ-नऊ महिन्यांचा किराणा हवा असतो, आणि तो कर्जाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. २०२० मध्ये अनुसूचित जातींच्या व्हेंचर कॅपिटल फंडाखाली 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' जाहीर झाले. निवडलेल्या तरुणाला तीन वर्षांत तीस लाखांपर्यंत भागभांडवल, अशी ती कल्पना. भागभांडवल म्हणजे कंपनीतला हिस्सा देऊन घेतलेला पैसा. सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवावा. योजना मिळत असेल तर जरूर घ्यावी, ती कोणाची खैरात नाही. पण योजनेची वाट पाहत बसलेले दहा तरुण आम्हाला माहीत आहेत. त्यांतल्या एकाचेही ॲप अजून तयार नाही.

इथे बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायला हवा. कोलंबियाहून शिकून आलेले बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी अपमान गिळून सोडून मुंबईला परतले. पोटासाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याचा स्वतंत्र व्यवसाय काढला. देशात त्या विषयाचे इतके शिक्षण घेतलेली माणसे तेव्हा किती होती? धंदा चालू लागला. मग सल्लागार अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळले आणि गिऱ्हाइके निघून गेली. सल्ला तोच होता, विद्या तीच होती.

पेपरच्या हिशेबाचे ॲप बनवणाऱ्या त्या तरुणाने आपल्या ॲपवर कुठेच आडनाव लिहिलेले नाही. आम्ही कारण विचारले तेव्हा तो नुसता हसला. नंतर म्हणाला, "काका, एका मोठ्या एजंटाला ॲप आवडलं होतं. बोलता बोलता त्यांनी पूर्ण नाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं. नंतर फोन नाही." हा पुरावा नव्हे, हे आम्हालाही कळते. एजंटाला दर परवडला नसेल, दुसरे काही झाले असेल. पण शंभर वर्षांनंतरही आमच्या पोराला ही शंका घेऊन रात्री झोपावे लागते. दुसऱ्या कोणाला ती घ्यावी लागत नाही.

म्हणून पहिले दहा ग्राहक आपले हवेत. पहिले दहाच. जातीपुरता धंदा करा, असे आम्ही म्हणत नाही. अकरावा ग्राहक कोणीही असो, आणि तो येतोच, कारण दहा जण वापरत असलेल्या वस्तूला आडनाव कमी विचारले जाते. पण पहिल्या दहांत संघटना हव्यात, आपल्या शिक्षणसंस्था हव्यात, पतपेढ्या हव्यात, डॉक्टर, वकील, प्रकाशक हवेत. आणि त्यांनी पूर्ण पैसे द्यायला हवेत, दर महिन्याला.

दर महिन्याला का, असे विचारले जाते. "एकदा बनवून झालं ना, मग आता कसले पैसे?" हा प्रश्न आम्हाला सुशिक्षित माणसांनीही विचारला आहे. ॲप म्हणजे काही टेबल-खुर्ची नाही की सुताराने करून दिली आणि गेला. मोबाइलची नवी आवृत्ती येते आणि जुने बटण चालत नाही. सर्व्हर रात्री दोनला बंद पडतो. कोणी पासवर्ड विसरतो, कोणी चुकून सगळा हिशेब पुसतो आणि फोन करून ओरडतो. त्या वेळी रोजच्या रोज दुसरीकडे प्रत काढून ठेवलेली असेल तरच अब्रू वाचते. हे काम कधी संपत नाही, म्हणून त्याचे मोल महिन्याचे असते. वर्तमानपत्राच्या वाचकाला हे कळायला अवघड नाही. एकदा अंक काढला म्हणजे उद्याचा निघाला, असे होत नाही. म्हणून तर वर्गणी असते.

वर्गणीचे दुखणे आपल्याकडे जुने आहे. १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांच्या मदतीवर. 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. बाबासाहेब शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. वर्षभरातच, १९२८ मधल्या अग्रलेखात, बाबासाहेबांना वाचकांपुढे पत्राची आर्थिक कैफियत मांडावी लागली. मदतीला माणूस नाही, पैसा नाही, अंकाचे सारेच्या सारे रकाने एकट्याने लिहावे लागत आहेत, आणि त्यासाठी संपादक एक पैसाही घेत नाही. १९२९ मध्ये तेही पत्र बंद पडले. सुरुवातीची मदत करायला एक राजा भेटला; पण दर महिन्याला थोडे थोडे देणारा वाचक पुरेसा भेटला नाही. एकट्याने सगळे रकाने लिहिणे म्हणजे काय, हे आजच्या या डेव्हलपर पोरांना आमच्यापेक्षा चांगले कळेल.

काय बनवावे, हे शोधायला त्यांना अमेरिकेला जायची गरज नाही. जात पडताळणीच्या अर्जाला कोणता कागद कमी पडला, हे तिसऱ्या खेपेला कळते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या टेबलावर अडकला, हे शोधताना पोरांचे वर्ष जाते. कंत्राटी सफाई कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे ठेकेदाराने भरले की नाही, हे त्याला कोण सांगणार? दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लावणारे आपले छोटे प्रकाशक घ्या. अशोक विजयादशमीला आणि ६ डिसेंबरला लोक रांगा लावून पुस्तके घेतात. त्याच पुस्तकासाठी मार्चमध्ये कोणी गडचिरोलीहून फोन केला, तर प्रती शिल्लक आहेत की नाहीत हे गोदाम उघडल्याशिवाय कळत नाही. साठा, मागणी, पार्सल आणि उधारी सांभाळणारे एक साधे ॲप या प्रकाशकांचा धंदा बारा महिने चालवू शकेल. हे आम्हाला सुचले, कारण आम्ही त्या स्टॉलवर उभे राहिलो आहोत. ज्याने रांगेत दिवस काढले त्यालाच रांगेतली अडचण ठाऊक असते, आणि या धंद्यात तीच खरी ठेव आहे.

आता नवा प्रश्न निघाला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर यंत्रच कोड लिहून देऊ लागले. मग प्रोग्रामर कशाला, असे विचारतात. कोड लिहिणे स्वस्त झाले, हे खरे. त्याचा पहिला फटका मोठ्या कंपन्यांतल्या शिकाऊ जागांना बसेल अशी आम्हाला भीती वाटते, आणि त्या जागांवर आपली बरीच पोरे अवलंबून आहेत. पण खाड्याच्या दिवसावरून गिऱ्हाईक कसे भांडते हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते, आणि यंत्राने लिहिलेले चुकले तर पहाटे चारला फोन यंत्राला येत नाही. एकट्या माणसाला या यंत्राने चार हातांची मदत होत असेल, तर ती घ्यावी. मात्र ते काय लिहिते हे वाचता आले पाहिजे. न वाचता सही करणाऱ्यांच्या जमिनी कशा गेल्या, हे आपल्याला माहीत आहे.

संघटनांना आमची एक विनंती, थोडी कडू लागेल. वेबसाइटचे डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, संस्थेच्या नावावर घ्या. अध्यक्षांच्या भाच्याच्या ईमेलवर घेऊ नका. आपल्याकडे गट फुटले की कार्यालय कोणाचे, रबरी शिक्का कोणाचा, बँकेचे खाते कोणाचे, यावर भांडणे होतात. आता त्यात पासवर्ड कोणाकडे, या भांडणाची भर पडली आहे. एका संघटनेचे दोन्ही गट बनवणाऱ्या पोराला रोज फोन करून पासवर्ड मागत होते, आणि दोघांनीही त्याला एक रुपया दिलेला नव्हता. अखेर वर्ष भरले, नूतनीकरणाचे हजारभर रुपये कोणीच भरले नाहीत, आणि पत्ता तिसऱ्याच कोणीतरी घेतला. आज तिथे जुगाराची जाहिरात दिसते.

शेवटी आमचेही माप आमच्या पदरात घालायला हवे. वर ज्या तरुणाची गोष्ट सांगितली, त्यानेच आमच्या दैनिकाची वेबसाइट उभी केली. दोन वर्षे रात्री जागून, फुकट. एका ६ डिसेंबरला वाचकांची गर्दी उसळली आणि साइट बसली, तेव्हा तो रात्रभर आमच्या कचेरीत होता. सकाळी आम्ही त्याला चहा पाजला आणि आतल्या पानावर त्याचा फोटो छापला. त्यानंतर काही महिन्यांनी आम्हाला विक्रेत्यांचा आणि वर्गणीदारांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर हवे होते. ते आम्ही बाहेरच्या एका कंपनीकडून घेतले, वर्षाचे पैसे आगाऊ देऊन. पेपरच्या हिशेबाचे ॲप बनवणारा माणूस आमच्याच टेबलावर बसून आमचीच साइट दुरुस्त करत होता आणि आमच्या एकाच्याही डोक्यात त्याचे नाव आले नाही! आमच्या शिपायाकडून त्याला कळले. तो रागावला नाही. "काका, मला एकदा विचारलं असतं तर?" एवढेच म्हणाला.

बाहेरच्या कंपनीची मुदत मार्चमध्ये संपली, ती आम्ही वाढवलेली नाही. एप्रिलपासून हिशेब त्याच्या ॲपवर आहे आणि वेबसाइटच्या देखभालीचा महिन्याचा दर लेखी ठरला आहे. त्याने पहिले बिल पाठवले, त्यात मागच्या दोन वर्षांची रक्कम लिहिलेली नव्हती. बिल आम्ही परत पाठवले आहे, ती रक्कम लिहून आणण्यासाठी.